डाव्या बाहीचं बटण

त्या सकाळी गॅसवर दूध होतं, माझ्या दातांत दोरा होता आणि मांडीवर यांचा शर्ट. डाव्या बाहीचं बटण पुन्हा लोंबायला लागलं होतं. उजव्या बाहीचं बटण शर्ट विरेपर्यंत जागचं हलत नसे, डावीचं मात्र सारखं हातात येई. मुलगी वेणी घालून घ्यायला पुढ्यात येऊन बसली होती. तिला म्हटलं, थांब जरा, आधी बाबांचं बटण. बाहेर यांचे कालचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत होते. वेगळ्या, कारण मरव्याचा वास तिच्या गणवेशाला लागला की शाळेत मुली तिला चिडवायच्या...

थांबा. असं नाही सुरू करायचं. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई माझ्याकडे बघताहेत. त्यांनी मला सगळं कागदावर लिहून दिलंय आणि मी तो कागद घडी करून मुठीत धरलाय. आधी संबोधन.

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, संस्थेच्या नव्या संचालक मॅडम, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, प्रयोगशाळेतले सगळे संशोधक, बागेतली आणि भट्टीवरची मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले तुम्ही सगळे. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या ना, बसा. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असतील तरी बसा. पाहुणे सगळे वर आलेत. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधी चार जण बोलले. कोणी सरांना दीपस्तंभ म्हटलं, कोणी वटवृक्ष म्हटलं. मी सरांना सर म्हणते. मला ते तेवढेच ठाऊक आहेत.

मी कोण, हे नव्या लोकांना ठाऊक नसेल. मी ग्रंथालयातली. पुस्तकं पुसते, लावते आणि कोणी बघत नसेल तेव्हा वाचते. बघत असेल तेव्हाही वाचते, आता भीड चेपली आहे. त्याआधी मी भट्टीवाल्यांची बायको होते. संस्थेच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर असलेली जी खोली आहे, तिथे मरव्याचं तेल निघतं. फुलं उमलायच्या आत मरवा कापायचा, सावलीत वाळवायचा, भट्टीत भरायचा आणि खालून वाफ सोडायची. नळीवर नळाचं पाणी सोडलेलं असतं, त्याने आतली वाफ थंड होत येते आणि काचेच्या भांड्यात पाणी साचतं. पाण्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर. एवढा मोठा भारा भरला तरी तेल वाटीच्या तळाला पुरेल एवढंच. ते काम आमचे हे करायचे. ज्या तेलामुळे या संस्थेचं नाव झालं, ज्यावर सरांनी उभं आयुष्य काढलं, ते सगळं तेल यांच्या हाताखालून गेलेलं आहे.

हे तेल हृदयाला वाचवतं का, हा सरांचा प्रश्न. मोठा प्रश्न आहे. मी त्याची चेष्टा करत नाही. ज्याच्या घरी हे दुखणं येऊन गेलंय त्याला त्या प्रश्नाची किंमत कळते.

आता सरांनी मला बोलायला का सांगितलं? त्यांनी स्वतः ग्रंथालयात येऊन सांगितलं, "वहिनी, तुम्ही दोन शब्द बोललंच पाहिजे. तुमच्याशिवाय माझा निरोप पुरा होणार नाही." मी म्हटलं, "सर, मला गोड बोलता येत नाही." ते म्हणाले, "मग जसं येतं तसं बोला." सर, आठवतंय ना? साक्षीला ग्रंथपाल आहेत.

तर नाडीची गोष्ट. जुन्या लोकांना ती पाठ आहे, नव्यांनी आज सकाळीच पाहिली.

संस्थेत पाहुणे आले की सर त्यांना सगळं दाखवत शेवटी भट्टीच्या खोलीत आणायचे. तिथे वाफेने सगळ्यांचे चष्मे धुरकट व्हायचे, लोक रुमाल काढायचे आणि हसायचे. मग सर यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हा आमचा नाडीबुवा. इतकी वर्षं मरव्याच्या वाफेत उभा आहे. धरा याचा हात, घड्याळ लावा आणि मोजा." हे डाव्या बाहीचं बटण काढायचे, बाही वर करायचे आणि मनगट पुढे. मंत्री आले, मोठमोठे डॉक्टर आले, शाळेच्या सहली आल्या. सगळ्यांनी यांची नाडी मोजली. कोणी म्हणायचं, "वा, काय शांत चालते!" सर म्हणायचे, "तुमच्या घड्याळापेक्षा नेमकी." मग टाळ्या. त्या टाळ्या यांना असायच्या की नाडीला, ते मला कधी कळलं नाही. यांना मात्र त्या आपल्याच वाटायच्या.

घरी येऊन सांगायचे, "अगं, आज एक बाई आल्या होत्या, एवढ्या मोठ्या, पण माझा हात सोडेनात."

मी म्हणायचे, "सोडला ना शेवटी? मग जेवा आता."

हसू नका. खरं म्हणजे हसा, तेही हसायचे. चांगला माणूस होता. पाहुणे यायचे असले की आधी मरव्याच्या भाऱ्यावर डोळे मिटून बसून राहायचे, नाडी ठिकाणावर यावी म्हणून. दुपारचा डबाही हलका मागायचे. एखाद्या गायकाने गळा जपावा तसं मनगट जपत. आणि बटण काढून काढून सैल व्हायचं, ते मी शिवायचे. संशोधनातला माझा वाटा तेवढाच.

पुढे यांना दम लागायला लागला. पहिल्यांदा म्हणाले, जिना वाढलाय. आमच्या घराला जिना तोच होता. मग एकदा भारा उचलताना छातीत कळ आली. ते यांनी कोणाला सांगितलं नाही. मी शर्ट धुताना बघितलं, नुसता घामाने भिजलेला, आणि दिवस थंडीचे. खोदून खोदून विचारलं तेव्हा तोंड उघडलं. म्हटलं, संस्थेतच एवढे डॉक्टर येतात, त्यांना दाखवा. तर माझ्यावर डोळे वटारले. "वेडी आहेस का? मरव्याच्या भट्टीवरच्या माणसाचं हृदय बिघडलं असं बाहेर कळलं तर सरांना लोक काय म्हणतील?"

बघा, दुखणं यांना आणि काळजी सरांची.

शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, "या रोज घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर हृदय उसळी मारतं, जिवावर बेतू शकतं." त्या हे माझ्याकडे बघून बोलल्या. बायकांना माहीत असतं कोणाकडे बघून बोलायचं.

गोळीने बरं वाटायला लागलं. आणि गोळीने आणखी एक झालं. नाडी आणखी शांत झाली. ती गोळी हृदयाची धाव कमी करते, तिचं कामच ते. पाहुणे मोजायचे आणि थक्क व्हायचे. सरही खूश. एकदा म्हणाले, "अरे, तुझं वय वाढतंय आणि नाडी तरुण होतेय!" त्या दिवशी हे घरी आले ते तोंड पाडूनच.

मी म्हटलं, "आता काय झालं?"

म्हणाले, "लबाडी झाली."

"कसली?"

"नाडी गोळीची आणि नाव तेलाचं."

मी म्हटलं, "मग सांगा सरांना."

म्हणाले, "सांगतो. बघून सांगतो."

ते कसलं बघतात! यांच्या तोंडून सरांपुढे ब्रही निघायचा नाही. सरांनी यांना माणूस म्हणून वागवलं होतं, यांच्या डब्यातला घास खाल्ला होता, पाहुण्यांच्या फोटोत ओढून उभं केलं होतं. ज्याने आपल्याला मोठं केलं त्याला खाली बघायला लावायचं, हे यांना जमणार नव्हतं. म्हणून मी गेले.

सरांच्या खोलीत गेले. डबा विसरला होता, तो द्यायला आले असं बाहेरच्या बाईंना सांगितलं. सर उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली. सर कोणालाही खुर्ची देतात, हे त्यांचं खरंच मोठेपण आहे. मी सगळं सांगितलं. छातीतली कळ, डॉक्टरीणबाई, गोळ्या, नाडी शांत का आहे ते. म्हटलं, "सर, यांचा हात दाखवणं बंद करा. मी आले होते हे यांना सांगू नका."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, वहिनी. आता मोठे पाहुणे यायचेत. त्यांना नाडीची गोष्ट आधीच कळलीये, ते विचारणारच. एवढं पार पडू दे. मग त्याला बसून करायचं काम देतो."

मी "बरं" म्हणाले आणि घरी आले. जीव भांड्यात पडला होता माझा.

सर, आपण पाणी घ्या. मी थांबते.

...

दुसऱ्या दिवशी सर भट्टीच्या खोलीत आले. हे मला यांनीच सांगितलं. सरांबरोबर दोन-तीन संशोधक होते. सरांनी यांचा हात हातात घेतला आणि हसत हसत विचारलं, "काय नाडीबुवा, प्रामाणिक आहे ना नाडी?"

सगळे हसले. हेही हसले म्हणे.

सर, मी आपल्याला नंतर एकदा विचारलं होतं, असं का बोललात म्हणून. आपण म्हणालात, "वहिनी, मला त्याच्याशी तो विषय काढायचा होता. कसा काढावा कळेना. म्हणून विनोद केला." माझा यावर विश्वास आहे. आपल्याला सरळ विचारता येत नव्हतं, त्यांना सरळ सांगता येत नव्हतं. दोघांनी एकमेकांची भीड राखली. मध्ये एक हृदय होतं, त्याची भीड कोणी राखली नाही.

आणि मी सरांकडे गेलेच नसते तर? हा प्रश्न माझा आहे. तो मी घरी ठेवून आलेय, तो इथे काढणार नाही.

आता ती सकाळ. दूध, दोरा, शर्ट, वेणी. पाहुणे यायचे तो दिवस. मी यांच्या गोळीची बशी रोज चहाच्या कपाशेजारी ठेवायचे. त्या दिवशी बघते तर कप रिकामा आणि गोळी बशीत तशीच.

म्हटलं, "अहो, गोळी राहिली."

"आज नको."

"आज नको म्हणजे?"

"आज हात दाखवायचाय."

"मग?"

"मग काय? पाहुणे एवढ्या लांबून आलेत. त्यांना खरी नाडी दाखवायला नको?"

"आणि कालची घेतलीत का?"

बुटाची नाडी बांधत बसले.

"परवाची?"

"सरांनी विचारलं तेव्हापासून बंद आहे. अंगातून गोळी पूर्ण जायला हवी ना. नाहीतर तीही लबाडीच."

मी काय बोलले ते या हॉलमध्ये सांगण्यासारखं नाही. मुलगी मोकळे केस धरून उभी राहिली. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते विसरलात?" तर म्हणाले, "अगं, तू उगीच घाबरतेस. पाहुणे गेले की लगेच घेतो. खिशातच ठेवतो, चल." आणि बशीतली गोळी उचलून कागदात बांधून पँटच्या खिशात घातली. तेवढ्यात दूध उतू गेलं. मी गॅसकडे धावले. परत येऊन बघते तर दुसरा शर्ट घालून गेलेसुद्धा. या शर्टाची सुई बाहीत तशीच.

खोटं बोलायचं नाही म्हणून माणूस औषध सोडतो, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी पुष्कळ वाचते, पण मला कुठे सापडलं नाही. माझा सगळ्यात जास्त राग सरांवर नाही. माझा राग यांच्यावर आहे. एवढा खरेपणा अंगात होता तर तो बोलण्यात आणायचा. "सर, मी गोळी घेतो," एवढं एक वाक्य होतं. ते बोलायला यांना जड गेलं आणि छाती फुटू देणं सोपं वाटलं. आमचा संसार होता, मुलगी होती. आमच्याशी प्रामाणिक राहायला काय झालं होतं?

माफ करा. आवाज चढला.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आलीये. वाचू का मोठ्याने? "आवरते घ्यावे." अध्यक्ष महोदय, घेते. माझ्या आधीच्या वक्त्यांनी दीपस्तंभ आणि वटवृक्ष यांत जो वेळ घेतला तो माझ्या वाट्याचा होता, त्यातलाच थोडा परत मागते.

पाहुणे आले. भट्टी चालू होती. झाडणाऱ्या मावशी त्या वेळी खोलीत होत्या, त्यांनी पाहिलेलं मला सांगितलं. मावशी आज समोर बसल्यात. यांनी बाही वर केली. एका पाहुण्यांनी मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि भुवया उंचावल्या. म्हणाले, "ही तर चांगलीच धावतेय." सर म्हणाले, "तुम्हाला बघून घाबरला असेल." सगळे हसले आणि हॉलकडे निघाले. याच हॉलकडे. पाहुणे दाराबाहेर पडेपर्यंत हे उभे होते. मग मरव्याच्या भाऱ्यावर बसले. मावशींना वाटलं, नेहमीसारखे डोळे मिटून बसलेत. मावशी म्हणाल्या, "दमलात का?" हे म्हणाले, "जरा बसतो. नळाचं पाणी बंद करू नका, तेल उतरतंय."

ते शेवटचं. पाणी बंद करू नका, तेल उतरतंय.

तेव्हा सर इथे, या माइकवर, हृदयाबद्दल बोलत होते. कोणी येऊन त्यांच्या कानात सांगितलं. सर भाषण अर्धं टाकून धावले, हे मला सांगितलंच पाहिजे. मरव्याच्या भाऱ्यात गुडघे टेकून सरांनी यांची छाती दाबली, दवाखान्याची गाडी येईपर्यंत दाबत राहिले. सरांच्या हाताला वळ उठले होते. ते मी पाहिलेत. गोळी यांच्या खिशात होती, कागदात बांधलेली. तीही मी पाहिली.

त्यानंतर सरांनी मला ग्रंथालयात काम दिलं. मुलीचं शिक्षण झालं, ती आज दुसऱ्या गावी नोकरीला आहे. हे उपकार मी नाकारत नाही. मी शाळा अर्ध्यात सोडलेली बाई. ग्रंथालयात आधी पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरं वाचायला लागले, मग आतली. शब्दकोश मांडीवर घेऊन मी सरांचे सगळे लेख वाचले. सरांना कौतुक वाटायचं. म्हणायचे, "वहिनी, कळतं का?" मी म्हणायचे, "हळूहळू कळतंय."

काय कळलं ते सांगते. सरांनी उंदरांना बरेच दिवस आधी मरव्याचं तेल दिलं. मग सुई देऊन त्यांच्या हृदयाला इजा केली. ज्यांना आधी तेल मिळालं होतं त्यांना इजा कमी झाली. ज्यांना इजेनंतर तेल दिलं त्यांच्यात काही फरक दिसला नाही. हे सगळं सरांनी स्वच्छ लिहिलंय. काही लपवलेलं नाही. उंदराच्या बाबतीत जे दिसलं ते माणसात दिसेलच असं नाही, हेही लिहिलंय. आणि वाफेत उभं राहणाऱ्या माणसाबद्दल त्यात एक ओळ नाही. कशी असेल? ते कोणी तपासलंच नव्हतं. कागदावर सर इतके जपून बोलतात की वाचताना माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर दाटून यायचा. मग भट्टीच्या खोलीत पाहुण्यांसमोर तेच सर इतके सैल कसे झाले? मला वाटतं, उंदीर टाळ्या मिळवून देत नाहीत. हात पुढे करणारा माणूस देतो.

आता आजचं. आज आपल्या सगळ्यांच्या हातात स्मरणिका आहे. छान छापलीये. आतल्या पानावर यांचा फोटो आहे, वाफेत उभे, बाही वर केलेली. खाली लिहिलंय, "मरव्याच्या वाफेत आयुष्य वेचणारे आमचे नाडीबुवा. अल्पशा आजाराने निधन." अल्पसा आजार. हृदयावर संशोधन करणाऱ्या संस्थेत माणूस हृदयाने जातो आणि संस्थेला त्या आजाराचं नाव लिहवत नाही. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्या वेळी शोकसभेच्या पत्रकात कोणीतरी तसं लिहिलं, तेच दर वेळी पुढे उतरवलं गेलं. मला कोणी विचारलं नाही. आज मला माइक मिळालाय म्हणून सांगते. आमचे हे हृदयाच्या झटक्याने गेले. मरव्याने त्यांना मारलं नाही. वाचवलंही नाही. नव्या संशोधकांनी पेन काढून ती ओळ सुधारून घ्यावी. आता घ्या. मी थांबते.

घेतलीत. बरं वाटलं.

आणि एक. फक्त यासाठी मी आज इथे उभी आहे, नाहीतर गुच्छ देऊन खाली बसले असते. आज सकाळी प्रमुख पाहुण्यांना भट्टीची खोली दाखवायला नेलं. मी पुस्तकांचा संच घेऊन मागून चालले होते. आत आताचे भट्टीवाले उभे होते. दोन मुलींचे वडील, त्या मुली माझ्या मुलीला ताई म्हणतात. त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं. सर आज दारातच थांबले होते, तोंडातून अक्षर काढलं नाही त्यांनी. आणि तरी त्या माणसाने आपणहून बाहीचं बटण काढलं, मनगट पुढे केलं आणि पाहुण्यांना म्हणाला, "मोजा ना."

सर, आपण बोलला नाहीत, मी पाहिलं. आपण मान वळवलीत, तेही पाहिलं. पण ती रीत आता आपल्या बोलण्यावाचून चालते. आपण उद्यापासून इथे नसाल आणि ती असेल.

पाहुण्या बाईंनी हात धरला, मोजला आणि कौतुक केलं. बाई, आपली चूक नाही, आपल्याला काय ठाऊक. मी दुपारी त्या भट्टीवाल्यांना बाजूला घेतलं. विचारलं, "काही दुखतंखुपतं का हो?"

म्हणाले, "नाही हो काकू."

"खरं सांगा."

तर इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "काकू, हे इथे नका बोलू."

तेव्हा मला कळलं की आज मला गोड बोलून चालणार नाही.

संचालक मॅडम, आपण नव्या आहात, आपल्यावर माझा काही राग नाही. माझी मागणी छोटी आहे. भट्टीच्या खोलीत पाहुण्यांना मरवा दाखवा, वाफ दाखवा, तेल हुंगायला द्या. माणसाचा हात धरू देऊ नका. आणि त्या भट्टीवाल्यांना संस्थेच्या खर्चाने, रजा देऊन, चांगल्या डॉक्टरांकडे पाठवा. काय निघेल ते निघेल. निघालं तर त्याची लाज संस्थेला वाटू नये आणि त्यांनाही वाटू नये. मॅडम मान हलवताहेत. सगळ्यांनी पाहिलं ना? मावशी, तुम्ही पाहिलंत? ती मान हो म्हणून हलली असं मी धरून चालते.

सर, आपल्यालाही एक सांगायचं आहे. आपण हुशार आहात, कष्टाळू आहात, आणि मला खुर्ची देणारे पहिले मोठे माणूस आपणच. निवृत्तीनंतर वेळ मिळेल. तब्येत जपा. काही दुखलं तर बोला. आपल्याला कोणाची भीड बाळगायचं कारण नाही, आणि कोणी आपली नाडी मोजून टाळ्या वाजवणार नाही. मी आपल्याला माफ केलं का, असं आपण मला मागे एकदा विचारलं होतंत. तेव्हा मी पुस्तक पुसत राहिले. आजही पुसत राहते.

शेवटी आभार. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवूनही मला बोलू दिलं, त्यांचे आभार. माइक मध्येच बंद न करणाऱ्या भाऊंचे आभार. सत्य सांगितल्याबद्दल मावशींचे आभार. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या त्या डॉक्टरीणबाई आता नाहीत, त्यांचेही. संबोधन उशिरा केलं, वेळ जास्त घेतला, आनंदाच्या समारंभात नको तो सूर लावला, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, हे सगळं पोटात घाला. जे घडलं ते सांगितलं, तेवढ्याची मात्र मी क्षमा मागत नाही.

आणि हो, सुरुवातीला शर्टाचं सांगता सांगता मध्येच सोडलं होतं. तो शर्ट खुंटीलाच राहिला, बाहीत सुई अडकलेली. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मी तो शर्ट काढला, लोंबणारं बटण तोडून टाकलं आणि डावी बाही मनगटापाशी दुहेरी दोऱ्याने शिवून बंद केली.